अस्तर

‘बटण पडलाय,’ नवरा फोनवर म्हणाला, आणि तिच्या डोळ्यांपुढे आधी शर्टच आला. सकाळी घाईघाईत इस्त्री केलेला, बाहीची शिवण उसवत आलेला. एवढ्यासाठी कामाच्या वेळी फोन करतोस, असं ती बोलणारच होती, तोच त्या शब्दाचं शेपूट कानात शिरलं. पडलंय नाही, पडलाय. बटण म्हणजे दीर. जन्मला तेव्हा तो इतका गोल आणि एवढासा होता की सासूनं त्याला बटण म्हटलं आणि तेच चिकटलं. पुढे तो लिफ्ट दुरुस्त करायला लागला तेव्हा लोकांना वाटायचं की नाव धंद्यावरून पडलं, आणि तोही तसंच सांगायचा, कारण त्यात लाज कमी होती. ‘कुठे पडला?’ तिनं विचारलं. ‘वर, मशीनच्या खोलीत. कामावर. बेशुद्ध आहे. अंगाला हात लाववत नाही इतकं तापलंय म्हणतात.’ प्रयोगशाळेत तिच्यासमोर टेबलावर बोटभर उंचीच्या वाट्या मांडलेल्या होत्या. प्रत्येक वाटीच्या तळाशी एक पातळ पडदा, आणि पडद्यावर माणसाच्या आतड्याच्या पेशींचा एकच थर, एकीला एक घट्ट लागून बसलेल्या. सकाळपासून तिनं त्यांना तापवत ठेवलं होतं आणि आता एकेक वाटी मोजत होती. थरातून वीज सोडायची. पेशी जितकी ती अडवतील तितका थर धड. आकडे खाली चालले होते, जायचेच होते. फोन कान-खांद्यात धरून तिनं उरलेल्या शेवटच्या वाटीचा आकडा लिहिला, पेनला टोपण लावलं, आणि मग निघाली. आकडा लिहायला आपण थांबलो, हे तिला टॅक्सीत बसल्यावर कळलं.

टॅक्सीच्या काचा खाली होत्या आणि आत येणारा वारा भट्टीतून आल्यासारखा होता. रस्त्याकडेच्या दुकानांनी भर दुपारी शटरं निम्मी ओढली होती, उभ्या गाड्यांच्या खालच्या सावलीत कुत्री आडवी झाली होती, आणि सिग्नलला थांबलेले लोक पुढे न येता मागे, भिंतीच्या कडेला, चिंचोळ्या सावलीत एका ओळीत उभे होते. किती वेळ पडून होता, एवढंच तिला हवं होतं. तिनं नवऱ्याला पुन्हा फोन लावला. ‘मला काय माहीत,’ तो म्हणाला. ‘त्याच्या जोडीदाराला सापडला. मी पोचतोच आहे.’ किती वेळ आणि किती ताप, या दोनच गोष्टींवर सगळं असतं. वाट्यांच्या बाबतीत दोन्ही तिच्या हातात असायच्या, मिनिटाला मिनिट. इथे एक माणूस होता आणि कुणाला काही माहीत नव्हतं.

गेला महिनाभर बटण घरीच होता. मनगट मोडलं होतं, तेही लिफ्टवर नाही, बाथरूममध्ये घसरून, आणि त्यावरून त्याची भरपूर चेष्टा झाली होती. माळ्यामाळ्यावर लोंबकळणारा माणूस साबणावरून पडला, असं नवरा येईल त्याला सांगायचा. तो महिना त्यानं पुढच्या खोलीत कूलरसमोर पाय पसरून काढला. सासूशी पत्ते खेळायचा, डाव्या हातानं, आणि हरला की प्लास्टर दाखवायचा. ती कामावरून आली की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहायचा. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तो शाळेत होता. दप्तर तिच्याच खोलीत टाकायचा, उत्तरं तिच्याचकडून लिहून घ्यायचा. त्यामुळे भाऊजी वगैरे कधी झालंच नाही. ‘वहिनी, दिवसभर तू करतेस काय तिथे, एकदा नीट सांग,’ तो म्हणाला होता एका संध्याकाळी. ‘लोक विचारतात, आणि मी सांगतो की आमची वहिनी आतडी तापवते. लोक जेवायचे थांबतात.’ मग तिनं कणीक मळता मळता सांगितलं होतं. आतड्याला आतून अस्तर असतं, पेशींचं. एकाच पेशीच्या जाडीचं. एवढंच असतं आपल्यात आणि आतल्या घाणीत. पेशी पेशींना शिवलेल्या असतात, आणि तो टाका म्हणजे काही प्रथिनं. माणूस उन्हात तापला की रक्त कातडीकडे धावतं, घाम काढायला. आतडं मागे पडतं, उपाशी, आणि वर तापलेलं. मग टाके सुटायला लागतात. आतलं थोडंथोडं रक्तात झिरपतं. ‘म्हणजे माणूस उन्हानं मरत नाही,’ तो म्हणाला, ‘पोटातल्या घाणीनं मरतो.’ ‘दोन्हीनं.’ ‘बघ, आणि आई सांगते डोक्याला रुमाल बांध. पोटाला बांधायला पाहिजे.’ सासू आतल्या खोलीतून हसली होती. मग त्यानं विचारलं की असं असेल तर तो रोज लिफ्टच्या त्या तापलेल्या खोल्यांतून कसा वाचतो, आणि तिनं सांगितलं होतं: रोज थोडं थोडं तापलं की पेशी आपली आपण तयारी करतात. राखण करणारी वेगळी प्रथिनं बनवून ठेवतात, मोडायला आलेल्या प्रथिनांना धरून ठेवणारी. सवय म्हणतो ना, ती हीच. आणि सवय मोडली की तो साठाही जातो. हे तिनं सांगितलं होतं, तोंडानं, कणकेच्या हातानं, महिनाभर कूलरसमोर बसलेल्या माणसाला. आज त्याचा कामाचा पहिला दिवस होता. सकाळी त्यानं हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकली, ‘निघतो वहिनी,’ म्हणाला, आणि ती म्हणाली, ‘डबा घेतलास का?’ तेवढंच.

हॉस्पिटलात त्याला ओल्या चादरीत गुंडाळलं होतं, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या, पायाशी मोठा पंखा. तो बरळत होता. ‘दार सोड, दार सोड,’ असं काहीतरी, पुन्हा पुन्हा, एकाच सुरात. आणलं तेव्हाचा ताप नर्सनं सांगितला. तो आकडा तिनं पेशींनासुद्धा कधी दिला नव्हता. भिंतीशी जोडीदार उभा होता, तेलकट हात पुढे धरून, कुणी धुवायला सांगितलं नाही म्हणून न धुता. मशीनची खोली गच्चीवर, वर नुसता स्लॅब, खिडकीला कबुतरं येतात म्हणून पत्रा ठोकलेला, असं तो सांगत होता. तो स्वतः खाली लिफ्टची दारं धरून उभा होता. बटण वरून फोनवर सांगत होता आणि मध्येच गप्प झाला. ‘तो करतो ना तसं,’ जोडीदार म्हणाला. ‘मुद्दाम गप्प बसतो, मला घाबरवायला. मी म्हटलं, बस गप्प. मी पण गप्प बसलो. खाली गार होतं, पार्किंगात.’ किती वेळ, असं तिनं विचारलं, आणि तो तिच्याकडे अशा नजरेनं बघायला लागला की तिनं पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला. ताप उतरलेला, ओठ फुटलेले, पण डोळे जागेवर. आईला ओळखलं, दादाला ओळखलं, वहिनीला बघून म्हणाला, ‘आली आतडीवाली.’ नवरा इतका हसला की त्याला बाहेर जावं लागलं. सासूनं फोन घेऊन एकेका नातेवाइकाला लावला आणि प्रत्येकाला तीच हकीकत तशीच सांगितली, सुरुवातीपासून, आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणाली, ‘बसलाय आता, बोलतोय.’ नवऱ्यानं वॉर्डात बिस्किटं वाटली. तीही हसली, बिस्किट खाल्लं, पलंगाच्या कडेशी बसून त्याची चादर सारखी केली, आणि चादर सारखी करताना त्याच्या दंडावर, सुई टोचली होती तिथे, एक निळसर डाग तिला दिसला. तो सुपारीएवढा होता. सुईचा डाग एवढा पसरायला नको. तिनं चादर वर ओढली. आपण डाग झाकतोय कुणापासून, असं तिच्या मनात आलं, आणि हात तसाच चादरीवर राहिला. काल दुपारी झिरपायचं ते झिरपून गेलं होतं. आज तो बोलत होता तेव्हाही ते रक्तातून फिरत होतं, यकृतात साठत होतं, रक्त नको तिथे गोठवत होतं आणि पाहिजे तिथे गोठू देत नव्हतं. हे तिला एखाद्याला रस्ता माहीत असावा तसं माहीत होतं. त्याला धरून चौघं त्या एका पलंगापाशी होती, पण बाकीची तिघं आजच्या दिवसात होती आणि ती उद्यामध्ये एकटीच जाऊन बसली होती.

बाहेर डॉक्टर भेटली. तरुण होती, बोलताना केसांतलं पेन काढायची आणि परत खोचायची. ‘तुम्ही यातल्याच ना?’ ती म्हणाली. ‘मग तुम्हाला काय सांगू. ताप उतरला, चांगलं झालं. पण यकृताचे आकडे चढतायत. रक्त गोठण्याचंही मला आवडत नाहीये.’

‘आतड्याचं...’

‘हो. ते कालच झालं. आता शरीर त्याचं काय करतं ते बघायचं.’

‘आणि आपण?’

डॉक्टरनं पेन केसांत खोचलं. ‘आपण रक्त देऊ, प्लेटलेट देऊ, औषधं चालू आहेत. पण खरं म्हणाल तर आपण वाट बघायची. उद्या-परवा कळेल.’ मग म्हणाली, ‘घरच्यांना मी सांगू की तुम्ही सांगता?’

‘मी सांगते,’ ती म्हणाली.

सांगायचं तिनं ठरवलंही होतं. वॉर्डाच्या दारापर्यंत येईपर्यंत वाक्य जुळवलं होतं. आई, अजून धोका आहे. इतकं साधं. पण आत आली तेव्हा सासू त्याचे केस विंचरत होती. ओला कंगवा, मधोमध भांग, लहानपणी पाडायची तसा, आणि तो डोळे मिटून विंचरू देत होता. ‘बघ कसा दिसतोय,’ सासू तिला म्हणाली. ‘शाळेत निघाल्यासारखा.’ वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. आता नको, कंगवा खाली ठेवल्यावर सांगू. मग चहा आला. मग चहा संपल्यावर. मग नवरा म्हणाला की त्याला कामावर डोकावून यायला हवं, म्हटलं तो आल्यावर दोघांना एकदमच सांगू. शब्द तिच्याजवळ होते, पण त्यांना बाहेर यायला खोलीत कुठे जागाच दिसत नव्हती. आयुष्यभर ती लोकांपुढे उभी राहून हेच बोलत आली होती, पडद्यावर चित्रं दाखवत. हिरव्या रंगात उजळलेली टाक्यांची जाळी, आणि पुढच्या चित्रात तीच जाळी जागोजागी तुटलेली. लोक मान डोलवत, कुणीतरी प्रश्न विचारी, मग जेवणाची सुट्टी होई.

भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा ऊन अजून खिडकीच्या गजांवर होतं. रात्री एकालाच थांबता येत होतं. ‘आज मी थांबते,’ सासू म्हणाली आणि स्टुलावर पाय वर घेऊन बसलीसुद्धा.

‘आई, काल तुम्ही डोळ्याला डोळा लावला नाहीत,’ ती म्हणाली. ‘घरी जा. जरा पडा. मी आहे ना.’

‘मला इथे बसून झोप येते.’

‘सकाळी या. सकाळी तो आणखी बोलेल.’

हे वाक्य आपण का बोललो, हे तिनं पुढे स्वतःला खूपदा विचारलं, आणि दरवेळी उत्तर वेगळं आलं. एक रात्र तरी म्हातारीला सुखाची मिळू दे, असं वाटलं होतं, हे खरंच होतं. चुकूनमाकून तो यातून निघाला तर उगाच कशाला, हेही खरं होतं. निघतात काही जण. पण सगळ्याच्या तळाशी एवढंच होतं की सासूचा तो खुललेला चेहरा तिला समोर नको होता. सासू इथे बसली असती तर तिला सांगावं लागलं असतं. सासूनं तिच्याकडे पाहिलं, मग मुलाकडे, आणि तो म्हणाला, ‘जा गं आई, वहिनी आहे.’ मग ती उठली. दारात वळून तिनं कंगवा परत आणून उशाशी ठेवला आणि गेली.

त्यानंतर तो बराच वेळ बोलला. आवाज बसलेला होता, पण मजेत होता. त्या मशीनच्या खोलीत एक कबुतर होतं, म्हणाला. पत्र्याच्या फटीतून आत आलेलं आणि बाहेर जाता येईना. तेही चोच उघडी टाकून मोटरवर बसलं होतं. ‘मी त्याला म्हटलं, बाबा, मला नोकरी आहे, तू का बसलायस?’ मग लिफ्टच्या ब्रेकची क्लिप त्यानं काढून खिशात ठेवली होती, ती जोडीदाराला द्यायला सांगितलं, नाहीतर तो गच्चीभर शोधत बसेल. त्या इमारतीतले लोक अजून जिन्यानं चढत असतील, यावर त्याला हसू आलं आणि खोकला आला. बर्फाचा तुकडा मागितला. तिनं चमच्यानं दिला. तुकडा गालात फिरवत तो म्हणाला, ‘वहिनी, तुझ्या त्या पेशी. सुटल्या की परत चिकटतात का?’

‘चिकटतात.’

‘सगळ्या?’

‘थंड ठेवल्या की बऱ्याचशा.’

हे खोटं नव्हतं. वाटीतल्या पेशी थंड केल्या की एक-दोन दिवसांत थर पुन्हा धरतो, तिनं स्वतः पाहिलं होतं. वाटीला फक्त यकृत नसतं, रक्त नसतं. टाके पुन्हा पडेपर्यंत मधल्या वेळात काय होतं, हे वाटीत दिसत नाही. ‘मग झालं,’ तो म्हणाला. ‘मी आता गारच आहे. हात लाव.’ तिनं त्याच्या कपाळाला हात लावला. ते खरंच गार होतं, ओलसर, आणि हात काढावासा तिला वाटेना. तो तसाच झोपला. गजांवरचं ऊन गेलं.

सकाळी त्याच्या डोळ्यांतला पांढरा भाग पिवळा झाला होता. सुईच्या जागेतून रक्त येत होतं आणि कापूस दाबून धरला तरी थांबत नव्हतं. नर्सनं एक कापूस टाकला, दुसरा घेतला, आणि डॉक्टरला बोलवायला गेली ती चालत नाही, पळत. त्याला आतल्या खोलीत हलवत असताना सासू आली. न्हायलेली होती, धुतलेलं लुगडं, हातात त्याचे घरचे कपडे घडी करून आणलेले. पलंग समोरून गेला. त्यानं आईकडे पाहिलं आणि ओळखलं नाही. ‘काल तर बोलत होता,’ सासू म्हणाली, पलंगामागे दोन पावलं जाऊन. दार बंद झालं. मग ती सुनेकडे वळली. रागावलेली नव्हती, उलट चेहऱ्यावर एक आशा होती, आणि तीच बघवत नव्हती. ‘तू हेच करतेस ना गं? इतकी वर्षं हेच शिकतेस ना? मग जा ना आत. काय द्यायचं ते सांग त्यांना.’

‘द्यायला काही नाही, आई.’

‘असं कसं काही नाही?’

‘नाही.’

सासू कपड्यांची घडी छातीशी धरून बाकावर बसली. नवरा आला, आत-बाहेर करत राहिला. रक्ताच्या पिशव्या आणल्या, संपल्या, पुन्हा आणल्या. ती दाराच्या गोल काचेतून बघत होती. कशानंतर काय होणार हे तिला माहीत होतं आणि ते तसंच, त्याच क्रमानं, होत गेलं. मध्ये एकदाही तिचा अंदाज चुकला नाही. तो चुकावा म्हणून तिनं आयुष्यात प्रथमच हात जोडले, कुणाला ते तिलाही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

डॉक्टर बाहेर आली तेव्हा तिचेही डोळे लाल होते. सासूच्या शेजारी बसून ती हळूच म्हणाली, ‘अवघड होतं हे. मी सूनबाईंना तो शुद्धीवर आला त्याच दिवशी कल्पना दिली होती.’ धीर द्यायला म्हणाली बिचारी. सासूनं मान हलवली. सुनेकडे पाहिलं नाही. घरी आल्यावर नवऱ्यानं खोलीचं दार लावून घेतलं. ‘तुला माहीत होतं?’

‘माहीत नव्हतं. शक्यता होती.’

‘शक्यता,’ तो म्हणाला, आणि पाठ करून पलंगाच्या कडेला बसून राहिला.

सासू भांडली असती तर बरं झालं असतं. घर सावकाश पुन्हा चालायला लागलं. नवरा कामावर जायला लागला, तीही गेली. वाट्या कुणीतरी टाकून दिल्या होत्या, ते एक बरं झालं. जोडीदार येऊन क्लिप घेऊन गेला, दारातूनच, आत ये म्हटलं तरी आला नाही. उन्हाळा कलला. पुढच्या खोलीतला कूलर कुणी लावत नव्हतं आणि कुणी हलवतही नव्हतं. एका संध्याकाळी ती भाजी चिरत असताना सासू स्वयंपाकघरात आली, पाट ओढून बसली, आणि म्हणाली, ‘मी गेल्यावर त्या संध्याकाळी तो काय काय बोलला, ते सांग.’

तिनं विळीवरून हात काढला आणि सांगितलं. कबुतराचं, क्लिपचं, जिन्यानं चढणाऱ्या लोकांचं, बर्फाचं. पेशींचं तेवढं सांगितलं नाही. सासू ऐकत होती, मध्ये फक्त एकदा ‘गालात फिरवला ना तुकडा, तसाच फिरवायचा तो,’ म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला ती पुन्हा आली. ‘सांग.’ मग रोजच. कबुतर आधी की क्लिप आधी, हे सासूला पाठ झालं. एखादं वाक्य गळलं की ती थांबवून आठवण करून द्यायची. सांगता सांगता तिला कळेनासं झालं की त्याचा शब्द कुठला आणि आपण लावलेला कुठला. ‘बाबा’ म्हणाला होता कबुतराला, की ‘बाळा’? सासूला वाटत होतं बाबा. असेल. ती संध्याकाळ सासूची होती, आपण ती तिच्याकडून घेतली आणि आता चमच्याचमच्यानं परत देतोय, असं तिला वाटायचं, आणि कितीही दिलं तरी ते पुरं होत नव्हतं.

मग एकदा सगळं सांगून झाल्यावर सासू उठली नाही. पाटावरच बसून राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. ‘माझं काही विचारलं नाही त्यानं?’ ती म्हणाली. इतक्या दिवसांत प्रथमच, आणि सहज विचारल्यासारखं.

त्यानं विचारलं नव्हतं. आई घरी गेली, सकाळी येणार, त्यात विचारायचं काय होतं. बर्फ, मग पेशी, मग कपाळाला हात, मग झोप. मध्ये कुठे फट नव्हती. तिनं तरी शोधली.

‘विचारलं,’ ती म्हणाली.

‘काय?’

‘आई जेवली का, असं विचारलं.’

सासूची बोटं थांबली. ‘मग?’

‘मी म्हटलं, जेवल्या.’

पदर सोडून, गुडघ्यावर हात टेकून सासू उठली.

‘नव्हते गं जेवले,’ ती म्हणाली. ‘घरी आले ती तशीच आडवी झाले. उगाच खोटं सांगितलंस त्याला.’